शंभरात अडतीस

"गोल करा, गोल करा. हातात हात घ्या. कपाटे, लाजताय काय? हे नेतृत्व आहे."

रणपिसे साहेबांनी आम्हा नऊ कृषी सहायकांना तालुका कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडखाली गोल उभं केलं होतं. मे महिन्याची दुपार. पत्रा असा तापलेला की वर कुणी भाकरी टाकली असती तर दोन्हीकडून शेकली असती. माझ्या एका हातात मुंडलिकांचा घामेजलेला पंजा होता आणि दुसऱ्या हातात मुंडलिकांचीच फाईल, कारण पलीकडचा हात देणारा गृहस्थ तंबाखू थुंकायला गेला होता.

रणपिसे साहेब आमचे तालुका कृषी अधिकारी. थंड हवेच्या एका ठिकाणी पाच दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण घेऊन परवाच परतले होते. जाताना चांगला माणूस होता, आमच्यासारखाच वैतागलेला. येताना एक फ्लेक्स घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, 'आमची मूलमूल्ये', आणि खाली विश्वास, पारदर्शकता, सेवाभाव, लोकसहभाग, नेतृत्व. मागे पगडी घातलेला एक शेतकरी गव्हाच्या शेतात हसत उभा होता. आमच्या तालुक्यात सगळं सोयाबीन आणि तूर. तो माणूस कुठला, कशाला हसतोय, कुणालाच माहीत नव्हतं.

"आता प्रत्येकानं सांगायचं, तुम्ही कोणतं मूल्य आहात?" साहेब म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुंडलिक नोकरीत मुरलेले. ते पटकन म्हणाले, "मी सेवाभाव." त्यांच्या गावातले लोक त्यांना वर्षातून दोनदा बघत, एकदा ध्वजवंदनाला आणि एकदा चुकून. मग कुणी पारदर्शकता झाला, कुणी लोकसहभाग. माझी पाळी येईपर्यंत बरीचशी मूल्यं संपली होती.

"विश्वास," मी म्हणालो.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "आणि योगायोग बघा. मी आज जाहीर करणारच होतो. नऊ जूनला सहसंचालक साहेब आपल्या तालुक्यात येतायत. मोफत प्रात्यक्षिक बियाण्याचं वाटप. साठ शेतकरी, साठ पिशव्या सोयाबीन. आणि त्यासाठी मी आदर्श गाव निवडलंय, कपाट्यांचं मांडवखेल."

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. सतरा वर्षं झाली त्याला. मी आता निवृत्त आहे, पण ती फुगलेली छाती आठवली की अजून कसंनुसं होतं.

मांडवखेलमध्ये मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं लोक मला 'कागदे साहेब' म्हणायचे, कारण मी सह्या घ्यायला यायचो. तिसऱ्या वर्षी मी त्यांना घरच्या घरी उगवण तपासायला शिकवायचा घाट घातला. फार काही नसतं त्यात. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी करून शंभर दाणे मांडायचे, वळकटी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या दिवशी उलगडून मोजायचं. सत्तर उगवले तर पेरायचं, नाहीतर ती पिशवी दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवायची.

चंद्रभागाबाई घुगे तेव्हा सगळ्यांदेखत मोठ्यानं हसल्या होत्या. बचत गटाच्या अध्यक्ष, अकरा एकर एकटीच्या हिमतीवर कसणारी बाई. गाव त्यांना काकू म्हणायचं, मी मावशी म्हणायचो.

"सायेब, लेकरू जलमायच्या आधीच बोटं मोजता व्हय?"

पण त्यांनी तपासलं. शंभरातले सव्वीस उगवले. त्यांनी बियाणं परत केलं. बाकी गावानं तेच बियाणं पेरलं आणि आषाढात निम्मं शिवार टक्कल पडल्यासारखं दिसायला लागलं. त्यानंतर मांडवखेलमध्ये घरोघरी गोणपाट भिजायला लागलं आणि मी 'कागदे'चा 'कपाटे साहेब' झालो. काकू मात्र मला वर्षभर ऐकवत राहिल्या, "तुमचं ऐकलं म्हनून न्हाई केलं. तुमाला खोटं पाडायला केलं व्हतं."

तर त्या गावात जूनच्या एक तारखेला साठ पिशव्या टेम्पोतून उतरल्या आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलूपबंद झाल्या. किल्ली माझ्याकडे. रणपिसे साहेबांचा फोन आला, "पिशव्यांना हात लावायचा नाही. सील आहे, टॅग आहे. मोठ्या साहेबांच्या हस्ते उघडतील."

मी हात लावला. काही शंका आली म्हणून नव्हे, निव्वळ सवयीनं. दोन पिशव्यांची शिवण कोपऱ्यात थोडी उसवली, मूठ मूठ दाणे काढले, शिवण पुन्हा घातली. घरी जाऊन दोन वळकट्या केल्या. बायको म्हणाली, "सरकारी बियाण्याला पण?" मी म्हणालो, "रिकामा बसलोय तर करतो."

पाचव्या दिवशी, गुरुवारी, उलगडलं. पहिल्यात अडतीस. दुसऱ्यात एक्केचाळीस. बाकीचे दाणे मऊ पडून बुरसले होते, बोटानं दाबलं की पीठ.

पुन्हा मोजलं. बायकोला मोजायला लावलं. तिला तर सदतीसच सापडले.

मी ती वळकटी पिशवीत घालून तसाच तालुक्याला गेलो. साहेबांच्या टेबलावर कार्यक्रमपत्रिकेची प्रुफं पसरलेली होती. मी त्या प्रुफांवरच गोणपाट उलगडलं.

"हे काय आहे?"

"साहेब, मांडवखेलच्या पिशव्यांतलं बियाणं. अडतीस टक्के."

त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं. मग दोन बोटांनी प्रुफं त्याच्याखालून ओढून घेतली. "कपाटे, मला एक सांगा. तुमचं हे गोणपाट मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहे का?"

"नाही साहेब."

"प्रयोगशाळेत नमुना गेलेला आहे. रीतसर. अहवाल येईल."

"कधी?"

"जुलैअखेर."

"साहेब, पेरणी जूनमध्ये होते."

"म्हणून काय अहवालाच्या आधी आपण मत बनवायचं?" साहेब खरोखर दुखावल्यासारखे दिसले. "हेच तर आम्हाला त्या पाच दिवसांत शिकवलं. नेता कोण? जो अडचणीत संधी बघतो. तुम्ही पोत्यात बुरशी बघताय. मी काय बघतोय माहितीये? अडतीस कोंब. जिवंत! सकारात्मक विचार करा."

"एकरी तीस किलोत अडतीस टक्के म्हणजे..."

"मग सांगा त्यांना, जरा दाट पेरा." त्यांनी घंटी वाजवून शिपायाला चहा सांगितला, माझ्यासाठीसुद्धा. "हे बघा, तुमची बदलीची विनंती माझ्याकडे आहे. मुलगी जिल्ह्याला कॉलेजात जातीये ना? नऊ तारीख नीट पार पडू द्या. आणि आभारप्रदर्शन तुम्हीच करा. तुमच्याच गावातला कार्यक्रम, तुमचा मान."

चहा प्यायलो. वळकटी पिशवीत घातली. घरी आलो.

रविवारी मंडपाची जागा दाखवायला मांडवखेलला गेलो. काकू ग्रामपंचायतीच्या पायरीवरच बसल्या होत्या. शेजारी गोणपाटाचे तुकडे, व्यवस्थित कापलेले.

"सायेब, दोन-चार मुठी दाने काढून द्या. पाऊस तोंडावर आलाय. आत्ताच भिजवून ठिवतो."

"मावशी, सील आहे. कार्यक्रमाआधी उघडता येत नाही."

"आसं व्हय." त्यांनी तुकडे उगाच पुन्हा एकावर एक रचले. मग वर बघून विचारलं, "मंग तुमी तरी तपासलं का?"

"तपासलं," मी म्हणालो.

"झालं मंग," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गोणपाट घेऊन घराकडे चालू लागल्या. दोन बाया वाटेत भेटल्या, त्यांना मोठ्यानं म्हणाल्या, "काही भिजवू नका गं, सायबांनी तपासलंय."

मी खोटं बोललो नव्हतो. मंडपवाला खुंट्या ठोकत होता आणि मी हेच मनाशी घोकत होतो. तपासलं होतं. तपासलं का, एवढंच काकूंनी विचारलं होतं.

नऊ तारखेला मांडवखेलला मंडप, लाऊडस्पीकर, तो गव्हातला हसरा शेतकरी आणि तालुक्यातले सगळे कृषी सहायक गर्दी दिसावी म्हणून शेतकऱ्यांत बसवलेले. मुंडलिकांनी टोपीसुद्धा घातली होती. सहसंचालक साहेब दीड तास उशिरा आले. दीपप्रज्वलनाला वाऱ्यानं सात काड्या खाल्ल्या. मग रणपिसे साहेब अर्धा तास नेतृत्वावर बोलले. "नेता पुढे चालत नाही, नेता मागे चालतो," असं काहीतरी म्हणाले. सरपंच रोहिदास मगर माझ्या कानात म्हणाला, "मंग फुडं कोन चालतंय?"

शेतकऱ्यांच्या वतीनं काकू बोलायला उठल्या. माइक त्यांनी लाटण्यासारखा धरला.

"मोठे सायेब आलेत, बरं वाटलं. आमाला बोलता येत न्हाई. पर एक सांगते. ह्या गावात इकत आणलेलं बी आमी तपासल्याबिगर मातीत टाकत न्हाई. दुकानदार भिऊन ऱ्हातेत आमाला." मंडपात हशा. "आता तुमी म्हनसाल, सरकारचं फुकटचं बी, त्ये तपासलं का? तर न्हाई तपासलं. चार वर्सांत पहिल्यांदा न्हाई तपासलं. कामून? तर कपाटे सायबांनी तपासलंय. त्येंच्यावर आमचा इस्वास हाय. बस."

टाळ्या पडल्या. सहसंचालक साहेबांनी मान डोलावली आणि शेजारच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

माझ्या कानाशी कुजबूज झाली. रणपिसे साहेब खुर्ची सरकवून माझ्याकडे झुकले होते, चेहऱ्यावर समाधान. "बघितलंत? म्हणून म्हटलं मांडवखेल. हा लॉट दोन तालुके फिरून आलाय. कुणी घेईना. दुसऱ्या कुठल्या गावात दिला असता तर उगवलं नाही की दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनला टाळं. इथं कुणी ओरडणार नाही. तुमच्याकडे बघून गप बसतील. सहा वर्षं तुम्ही जे कमावलंत ना कपाटे, त्याला म्हणतात जनतेचा पाठिंबा."

ते हे कौतुकानं म्हणाले, हे मला आजही सांगायला हवं. माझ्या खांद्यावर थोपटलंसुद्धा.

गावानं माझ्यावर ठेवलेला भरवसा मला माझी कमाई वाटत होती. साहेबांना ती सडकं बियाणं ठेवायला मिळालेली कोरडी जागा वाटत होती. आणि रविवारी पायरीजवळ मीच त्या जागेची किल्ली फिरवली होती.

"आता आभारप्रदर्शन, कृषी सहायक वैजनाथ कपाटे," सूत्रसंचालक म्हणाला.

माझ्या खिशात लिहिलेला कागद होता. मी वाचायला लागलो. सहसंचालक साहेबांचे आभार, त्यांनी अमूल्य वेळ दिला. रणपिसे साहेबांचे आभार, त्यांचं खंबीर मार्गदर्शन. सरपंच, मंडपवाले, लाऊडस्पीकरवाले, चहा करणाऱ्या बचत गटाच्या भगिनी. लोक उठायला लागले होते. आभारप्रदर्शन कोण ऐकतं? काही जण चपला शोधत होते.

"आणि चंद्रभागाबाई घुगे यांचे..." मी म्हणालो आणि पुढची ओळ दिसेना.

काकू पहिल्या रांगेत, पदराच्या टोकानं घाम पुसत होत्या.

"मावशी, तुम्ही रविवारी विचारलं, तपासलं का. मी म्हणालो, तपासलं. खरंच तपासलं होतं. किती उगवले ते तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शंभरात अडतीस. दुसऱ्या पिशवीत एक्केचाळीस. हे बियाणं पेरू नका."

लाऊडस्पीकरवाल्यानं घाबरून आवाज कमी करायच्या नादात वाढवला. 'पेरू नका' शिवाराच्या टोकापर्यंत गेलं. चपला शोधणारे वाकल्या जागी थांबले.

मी रणपिसे साहेबांकडे पाहिलं नाही. त्यांच्या खुर्चीचा करकर आवाज तेवढा आला.

मग सहसंचालक साहेब उठले. मुरलेला माणूस होता. तीन पावलांत माइकपाशी आले, माझ्या हातातून तो काढून घेतला, गावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले.

"याला! याला म्हणतात पारदर्शकता!" ते म्हणाले. "बंधूंनो, आपल्या विभागाचा कर्मचारी भर सभेत सांगतो की बियाण्यात दोष आहे. हे कधी घडतं? जेव्हा वरचं नेतृत्व निर्भय वातावरण तयार करतं तेव्हा. रणपिसे, उभे राहा. लाजू नका, उभे राहा."

रणपिसे साहेब उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा. पण पाच दिवसांचं प्रशिक्षण वाया गेलं नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हात जोडले, तिसऱ्या मिनिटाला ते हसत होते, आणि पाचव्या मिनिटाला "ही पद्धत आपण तालुक्यात जाणीवपूर्वक राबवतो," असं ते मोठ्या साहेबांना समजावून सांगत होते. मुंडलिक टोपीसकट टाळ्या वाजवत होते. पिशव्या परत नेल्या जातील असं जाहीर झालं. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या आणि चहाला गेले.

मला चौथ्या दिवशी नोटीस आली. शासकीय सीलबंद बियाण्याच्या दोन पिशव्या विनापरवाना उसवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याची कारणे सात दिवसांत दाखवा. सही रणपिसे. बदलीच्या विनंतीचं काय झालं ते विचारायची गरज पडली नाही.

त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते कार्यक्रमाच्याच दिवशी, मंडप सुटत असताना. काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, दोन चांगले शब्द बोलतील.

"तुमाला कवा कळलं?"

"मागच्या गुरुवारी."

"आन् मी कवा इचारलं?"

"रविवारी."

"हं," काकू म्हणाल्या. "बरं झालं, आज बोललात. येते, कपाटे."

सहा वर्षांत त्यांनी 'सायेब' न म्हणता मला कधीच हाक मारली नव्हती.

आठवड्यानं तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या नागनाथ इप्परचा फोन आला. नवीन भरती झालेला कृषी सहायक, कामाला वाघ, पण आमच्या कार्यक्रमाच्या दिवशी रजेवर होता. आवाजात आनंद मावत नव्हता. "सर, आमची भोगलवाडी आदर्श गाव म्हणून निवडली. लोकसहभागात! साठ पिशव्या सोयाबीन. कालच घरोघर पोच केल्या."

"टॅगवरचा लॉट नंबर वाच," मी म्हणालो.

त्यानं वाचला. तोच लॉट. मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "सर, मी अजून कायम झालेलो नाही." आणि फोन ठेवला.

त्याला मी काय म्हणणार होतो? मी तर कायम होतो, आणि तरीही रविवार तसाच जाऊ दिला होता.

पाऊस लांबला होता, एवढंच नशीब. मी मोटारसायकल काढून भोगलवाडीला गेलो. चावडीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. मी उभा राहून सांगितलं की बियाणं पेरू नका, उगवणार नाही.

"तुमी कोन?" एकानं विचारलं.

"मी कृषी सहायक. मांडवखेलचा."

"मंग मांडवखेलात सांगा की."

"आमच्या इप्पर साहेबांनी दिलंय," दुसरा म्हणाला. "त्ये कशाला खोटं देतील? आमच्यासाठी राबतेत बिचारे."

मी गोणपाटाचं सांगितलं, अडतीसचं सांगितलं. कुणी जांभई दिली. एकानं विचारलं, तुम्ही कुठल्या बियाणं कंपनीचे एजंट आहात का. मी आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो, आणि एक माणूस ऐकायला तयार नव्हता.

तिथून सरळ काकूंच्या दारात गेलो. त्या म्हशीची धार काढत होत्या. धार पुरी होईपर्यंत त्यांनी मला उभं ठेवलं. मग बादली उचलून विचारलं, "मला कामून सांगता?"

"तिथं माझं कुणी ऐकत नाही."

"कशाला ऐकावं? वळखतेत का तुमाला?" मग म्हणाल्या, "हितं वळखत व्हते, तर काय केलंत?"

त्यांनी बादली दारात नेऊन ठेवली.

"सकाळी सातला या. गाडीचं मागचं शीट पुसून आना."

सकाळी त्या गोणपाटाच्या तुकड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसल्या. वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. भोगलवाडीत चावडीकडे गेल्याच नाहीत. हातपंपावर बाया पाणी भरत होत्या, तिथं गाठोडं सोडून बसल्या.

"तुमी कोन?" तिथंही तोच प्रश्न.

"मी कुनी न्हाई," काकू म्हणाल्या. माझ्याकडे अंगठा केला. "ह्या मानसावर इस्वास ठिवून बुडता बुडता वाचलेली बाई हाय."

बाया हसल्या.

"ह्येचं ऐकू नका," काकू पुढे म्हणाल्या. "माजंबी ऐकू नका. त्या इप्पराचंबी नगं. मूठभर दाने आना, आन् आपल्या हातानं मोजा. इतकी मूठ गेली तर काय घर बसतंय का?"

पहिली मूठ आणायला फार वेळ गेला. मग दुसरी आली. दुपारपर्यंत तिथं एकवीस वळकट्या झाल्या. पाचव्या दिवशी काकू मला न विचारता एसटीनं एकट्याच गेल्या. त्यांनी मोजलं नाही, बायांकडून मोजून घेतलं. चाळीसच्या वर एकही गेली नाही. नागनाथ इप्पर सगळ्यात मागे उभा होता म्हणे. शेवटच्या पाच वळकट्या त्यानं स्वतः मोजल्या आणि तिथल्या तिथं कागदावर लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी भोगलवाडीच्या बायांनी बैलगाड्या जुंपून साठ पिशव्या तालुका कार्यालयाच्या त्याच पत्र्याच्या शेडखाली नेऊन रचल्या. पुढे त्या कुठं गेल्या, मला माहीत नाही. आदर्श गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

पंधरा ऑगस्टला रणपिसे साहेबांचा जिल्ह्यात सत्कार झाला, पारदर्शकतेबद्दल. विभागाची एक रंगीत पुस्तिकाही निघाली. तिच्यात काकूंचा अर्ध्या पानाचा फोटो होता, हातपंपाजवळ, गोणपाट उलगडताना. मी ती घेऊन मांडवखेलला गेलो. काकू सोयाबीनमध्ये खुरपत होत्या. हात झटकून त्यांनी पुस्तिका दोन हातांत धरली.

"पदर बरा आलाय. खाली काय लिवलंय?"

मी वाचलं, "विभागाच्या प्रेरणेतून पुढे आलेले महिला नेतृत्व."

"ही प्रेरना कोन? त्या रणपिश्याची बायको का?"

"नाही मावशी, प्रेरणा म्हणजे..." मी समजावायला लागलो आणि सोडून दिलं. त्यांनी पुस्तिका परत माझ्या हातात दिली, पुन्हा खाली बसल्या आणि एक फांदी माझ्यापुढे धरली. शेंडा सुकून खाली लोंबत होता.

"ह्ये काय पडलंय?"

मी फांदी चिरून बघितली. "चक्रीभुंगा. सुकलेल्या फांद्या भुंग्यानं कातरलेल्या खालच्या खापेपासून तोडून गोळा करा, जाळून टाका. आत्ताच केलं तर फवारणी लागणार नाही."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग उठून बांधापलीकडे तोंड करून जोरात हाक मारली, "ए कौसे! ह्ये कपाटे म्हनतेत फांद्या तोडून जाळा, फवारा नगं! खरं हाय का गं?"

पलीकडे कौसाबाई वाकून काम करत होती. तिनं कंबर सरळ केली, कपाळावर हात धरून आमच्याकडे बघितलं आणि विचार करायला लागली. मी फांदी हातात धरून तिच्या उत्तराची वाट बघत उभा राहिलो.